विकायचा किलोवर, मोजायचा वाटीने?

घरी केक करायला काय काय सामान घेऊ, असं कुणी विचारलं की माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं. वजनकाटा घे. समोरचीचा चेहरा लगेच पडतो. तिला ऐकायचं असतं फिरत्या टर्नटेबलबद्दल, पन्नास नोझल्सच्या खोक्याबद्दल, सिलिकॉनच्या गुलाबी साच्यांबद्दल. आणि मी सांगते काय, तर वाण्याच्या दुकानातली वस्तू!

पण गंमत बघा. आपल्याकडे केक विकला जातो तो किलोवर. मोंजिनीजच्या दुकानात जा नाहीतर सोसायटीतल्या एखाद्या ताईंना ऑर्डर द्या, पहिला प्रश्न एकच, "किती किलोचा?" आणि तोच केक घरी होतो कसा? दोन वाट्या मैदा, एक वाटी साखर, अर्धी वाटी लोणी. विकताना किलो आणि करताना वाटी. घरगुती केकच्या अर्ध्याअधिक भानगडी इथेच सुरू होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाटीला मी नावं ठेवत नाही हं. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि तिच्या वाटी-चमच्याच्या मापांवर कितीतरी घरं स्वयंपाक शिकली. आमटीला ते माप पुरतं, कारण पाणी जास्त झालं तर आटवता येतं. केकचं तसं नाही. एकदा ओव्हनमध्ये गेला की मध्ये हात घालता येत नाही. मैद्याच्या डब्यात कप खुपसून भरला तर त्यात १५० ग्रॅमच्या आसपास मैदा मावतो. तोच कप चमच्याने हलक्या हाताने भरला तर १२० च्या आसपास. दोन कपांच्या केकमध्ये झाला की नाही ६० ग्रॅमचा फरक? वर बाजारात २४० मिलीचा कपही मिळतो आणि २५० चाही. मग एकदा केक छान होतो, पुढच्या वेळी दगड, आणि बिचाऱ्या अंड्यांवर नाहीतर ओव्हनवर खापर फुटतं.

चार-पाचशे रुपयांत एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा मिळतो. भांडं ठेवा, आकडा शून्यावर आणा, मैदा ओता. पुन्हा शून्य, साखर ओता. घासायला वाट्यासुद्धा पडत नाहीत. फक्त बेकिंग पावडर, सोडा अशा तीन-चार ग्रॅमच्या गोष्टी या काट्यावर नीट कळत नाहीत. त्यासाठी मापाच्या चमच्यांचा संच घ्या. छोटा चमचा ५ मिलीचा, मोठा १५ चा. चहाच्या चमच्यावर भरवसा ठेवू नका, प्रत्येक घरात तो वेगळ्या मापाचा असतो.

दुसरी खरेदी ओव्हनच्या आत ठेवायचा थर्मामीटर. आपल्या ओटीजीचं बटण १८० वर फिरवलं म्हणजे आत १८० झाले, असं मुळीच नाही. वीस अंश इकडेतिकडे सहज असतात. केक वरून करपला आणि मधे कच्चा राहिला तर आधी तापमान तपासा, मग रेसिपीला शिव्या घाला. थर्मामीटर येईपर्यंत एक फुकटची युक्ती आहे. साखर साधारण १८६ अंशाला वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर ठेवून ओटीजी १७५ वर पंधरा मिनिटं लावा. साखर वितळली तर तो जास्त तापतोय. १९० वर लावूनही तशीच राहिली तर कमी.

तिसरी गोष्ट डबे. सहा इंची आणि आठ इंची असे दोन गोल, उभ्या कडांचे ॲल्युमिनियमचे डबे पुरे. सहाचं आठ म्हणजे "थोडंसं मोठं" नव्हे बरं का. गोलाचं क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, ३६ ला ६४. म्हणजे साहित्य जवळजवळ पावणेदोनपट लागतं. हे गणित कळलं की नवीन रेसिपी आणि नवीन डबे दोन्ही शोधायला नकोत.

आता सजावट. इथे पैसे सगळ्यात जास्त उडतात, म्हणून मी थोडक्यात आटपते. टर्नटेबल घ्या, त्याला पर्याय नाही. वाकड्या मानेची एक पॅलेट नाइफ घ्या. नोझल्स तीन घ्या: एक मोठं चांदणीचं, एक छोटं चांदणीचं, एक गोल. पन्नासाच्या खोक्यातली सत्तेचाळीस गंजत पडतात. केकचे थर कापायला महागडी तार कशाला? शिवणाचा दोरा भोवती गुंडाळून दोन्ही टोकं ओढली की सरळ काप येतो. नाव लिहायला बटर पेपरचा कोन करा. मेंदीचा कोन वळता येणाऱ्या बाईला हे काय शिकवायचं!

आणि एक लक्षात ठेवा, काही दुखणी सामान घेऊन बरी होत नाहीत. क्रीम फुलत नाही म्हणून लोक जास्त वॉटचा बीटर आणतात. अमूल फ्रेश क्रीममध्ये फॅट २५ टक्के असतं. फुलायला ३० टक्क्यांच्या वर लागतं. कितीही वॉट लावा, ते फुलणार नाही. तसंच लोण्याचं आयसिंग मे महिन्यात मुलुंडच्या स्वयंपाकघरात उभं राहत नाही, तो दोष हवेचा. भांडं आणि बीटरची पाती फ्रीजमध्ये गार करा, काम सकाळी लवकर उरका.

खरेदी शक्यतो क्रॉफर्ड मार्केटला जाऊन करा. डबा हातात घेऊन त्याचा पत्रा पातळ आहे की जाड ते कळतं, फोटोत कळत नाही. शिवाय सामान हातात उचलून लोकलने घरी आणायचं म्हटलं की नको त्या वस्तू आपोआप गळतात. आपल्या वन बीएचकेत ओटीजी ठेवायलाच ओटा पुरत नाही, तिथे साच्यांचा डोंगर कुठे रचणार?

आता वजनकाट्यावर माझा एवढा जोर का, ते सांगते. बोरिवलीला राहणारी माझी एक मावसबहीण घरून केक करून देते. एक किलोचा केक ६०० रुपयांना देत होती, आणि साहित्य अडीचशेचं लागतं असा तिचा अंदाज होता. काटा आल्यावर तिने एकदा सगळं तोलून, बिलं समोर ठेवून हिशोब केला. साहित्य निघालं ३५० चं. बोर्ड आणि खोका ६०, वीज २०, रिक्षा ६०. हातात उरले ११०. आणि काम किती? आदल्या रात्रीच्या स्पंजपासून भांडी घासण्यापर्यंत पाच तास. तासाला बावीस रुपये! म्हणजे धंदा नव्हे, स्वतःच्या खर्चाने चालवलेली समाजसेवा. तिने भाव वाढवला. दोन गिऱ्हाइकं तुटली, बाकीची राहिली.

म्हणून म्हणते, नोझल्सने केक सुंदर होतो आणि काट्याने केक करणारीला तिचे पैसे मिळतात. ज्या बायका एफएसएसएआयची रीतसर नोंदणी करून घरातल्या ओट्यावर हा उद्योग मांडतात, त्यांनी पहिली कमाई हाती येण्याआधी दहा-पंधरा हजारांचं सामान आणून ठेवू नये. आधी एकच साधा स्पंज ग्रॅममध्ये तोलून दहा वेळा करा. दहाही वेळा सारखा आला की मग सजावटीच्या सामानाकडे वळा.

आणि हे वाचणाऱ्या समस्त नातेवाईक मंडळींनो, हा शेवटचा परिच्छेद खास तुमच्यासाठी. "घरचाच तर केक, एवढे कसले घेतेस?" हे वाक्य आता बंद करा. घरचा आहे म्हणून मैदा, लोणी फुकट येत नाही आणि तिचा वेळही फुकट नसतो. पुतणीला, भाचीला केकची हौस असेल तर वाढदिवसाला गुलाबी साचे नका देऊ. काटा द्या. आणि तिने केकची किंमत सांगितली की घासाघीस न करता द्या.

असो. बघा पटतंय का.