भंगारात घालण्याआधी एक रात्र व्हिनेगरमध्ये

खंडेनवमीला अवजारं पूजेसाठी बाहेर निघतात, तेव्हा त्यांच्यावर चार महिन्यांच्या पावसाचा गंज चढलेला असतो. कोयता, विळा, करवत, पटाशी, पाने, पक्कड, काहीही हातात घेतलं तरी बोटांना तांबडी पूड लागते. मग अनेक घरांत एक निर्णय होतो आणि तो बहुतेक वेळा चुकतो: जुनं सगळं किलोच्या भावानं भंगारवाल्याकडे जातं आणि हार्डवेअरच्या दुकानातून चकचकीत नवं येतं. गंज वरवरचा असताना अवजार टाकून देणं ही निव्वळ नासाडी आहे. ती थांबवायला किराणा दुकानातली पांढऱ्या व्हिनेगरची एक बाटली पुरते.

व्हिनेगरमध्ये असतं ॲसिटिक आम्ल. आपल्याकडच्या अन्न नियमांनुसार त्याचं प्रमाण किमान ३.७५ टक्के असावं लागतं. एवढं सौम्य आम्लही गंज हळूहळू विरघळवतं आणि उरलेला थर इतका सैल करतं, की तो ब्रशनं निघून येतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणूनच पकडीचा सांधा आतून आवळून बसतो. तिथे हातोडी चालवून काही साधत नाही. आम्ल मात्र त्या फटीत आपोआप शिरतं, आणि दुसऱ्या दिवशी पक्कड पुन्हा उघडू-मिटू लागते.

याच रसायनाचा उपयोग श्रीकालहस्तीचे कलमकारी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून ते लोहाचा द्राव तयार करतात. हिरड्यात भिजवलेल्या कापडावर त्याची रेघ ओढली, की ती काळीभोर उमटते. हिरड्यातलं टॅनिन आणि द्रावातलं लोह यांच्या संयोगातून हा काळा रंग तयार होतो. अवजार भिजवताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण दांड्याच्या बाभळीच्या लाकडातही टॅनिन भरपूर असतं. दांड्यासकट कुऱ्हाड व्हिनेगरमध्ये बुडवली, तर दांडा काळा पडेल आणि फुगेलही. दांडा निघत असेल तर काढावा. निघत नसेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नुसत्या पात्याला गुंडाळावं आणि ते सुकू नये म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी चढवावी.

बाकी कृती सोपी आहे; चुका होतात त्या घाईमुळे. आधी साबण आणि गरम पाण्यानं तेलकटपणा घालवायचा, कारण तेलाच्या थराखाली आम्ल पोहोचत नाही. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं घ्यावं, ॲल्युमिनियमचं नको. अवजार पूर्ण बुडायला हवं. अर्धवट बुडालं तर द्रवाच्या पातळीवर धातू जास्त खाल्ला जातो आणि तिथे कायमची रेघ राहते. हायड्रोजनचे बारीक बुडबुडे येतात, म्हणून झाकण घट्ट लावू नये. साधारण एक रात्र पुरते. गंज जाड असेल तर आणखी एखादा दिवस, पण अधूनमधून बाहेर काढून बघत राहावं, कारण गंज संपला की आम्ल चांगलं पोलादही खायला लागतं. काम लवकर व्हावं म्हणून काही जण त्यात मीठ टाकतात. ते टाळलेलं बरं. फटीत राहून गेलेलं मीठ पुढच्या गंजाला आमंत्रण देतं.

खरी परीक्षा पुढे असते. तारेच्या ब्रशनं किंवा काथ्यानं घासून झालं, की लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून अवजार त्यात बुडवायचं, म्हणजे उरलेलं आम्ल मारलं जातं. मग स्वच्छ पाणी, कोरडं फडकं, थोडं ऊन आणि लगेच शिलाई मशीनच्या तेलाचा हात. ओलं पातं तसंच ठेवून माणूस चहाला गेला, तर परत येईपर्यंत त्यावर नारिंगी झाक आलेली असते आणि दोष मात्र व्हिनेगरला दिला जातो.

हल्ली गंज दिसला की ग्राइंडर चालवायची सवय लागली आहे. ती मोडायलाच हवी. ग्राइंडर गंजाबरोबर पोलादही उडवतो, पटाशीवर ठोकलेला कारखान्याचा शिक्का पुसतो आणि पात्याला तापवतो. धार निळी पडली, की तिचं पाणी उतरलंच म्हणून समजावं. अशी पटाशी सागवानात दोन फटके मारताच बोथट होते. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात ‘शेफील्ड’ असा ठसा असलेलं पातं मिळालं, तर त्याला ग्राइंडर लावण्याआधी दहादा विचार करावा. व्हिनेगरमधून निघालेलं पातं करडं दिसतं, चमकत नाही. पण त्याचा कठीणपणा जसाच्या तसा राहतो.

प्रत्येक वस्तू मात्र व्हिनेगरमध्ये घालण्याजोगी नसते. गॅल्व्हनाइज्ड बादलीचा किंवा तारेचा जस्ताचा मुलामा व्हिनेगर काढून टाकतं. कडक स्प्रिंगमध्ये हायड्रोजन शिरला तर ती ठिसूळ होऊ शकते. व्हर्नियर कॅलिपरसारख्या मोजमापाच्या साधनांवरच्या बारीक खुणा खराब होतात. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

गोव्यात माडाच्या सुरेपासून केलेलं व्हिनेगर या कामाला वापरू नये. ते विंदालूतच शोभतं. गंजासाठी स्वस्तातलं सिंथेटिक व्हिनेगर पुरेसं आहे. वास सोसत नसेल तर पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत्त्वही तेच काम करतं.

खोल खड्डे पडलेलं पातं यातून सपाट होत नाही आणि गेलेली धारही परत येत नाही. त्यासाठी गावोगाव रस्त्याकडेला भाता आणि ऐरण मांडून बसणारी घिसाडी कुटुंबं आहेत. गंजानं झाकलेलं पातं त्यांच्यापुढे टाकण्याऐवजी साफ करून नेलं, तर पोलाद किती उरलंय, चीर कुठे गेलीय, हे त्यांना बघताक्षणी कळतं. कोयता पाजवून घेण्याची मजुरी ते सांगतील तेवढी द्यावी. नव्या कोयत्यापेक्षा ती कमीच असते, आणि तो पैसा गावातल्याच हाताला मिळतो.