डीएनए वितळतो तेव्हा...

बालमित्रांनो, तूप तापवलं की वितळतं, मेणही वितळतं. पण डीएनए ‘वितळतो’ असं कुणी सांगितलं तर? शास्त्रज्ञ खरोखरच असं म्हणतात! मात्र त्याचं पाणी होत नाही. इथे वितळणं म्हणजे उसवणं.

डीएनए म्हणजे एकमेकांभोवती पिळलेले दोन धागे. त्यांवर अक्षरं चारच: ए, टी, जी आणि सी. ‘ए’समोर ‘टी’ आणि ‘जी’समोर ‘सी’ अशा त्यांच्या जोड्या ठरलेल्या. ए-टी ही जोडी दोन बंधांनी बांधलेली, तर जी-सी तीन बंधांनी. साहजिकच ज्या तुकड्यात जी-सी जास्त, तो उसवायला उष्णताही जास्त लागते.

पण हे उसवणं दिसणार कसं? त्यासाठी ‘सायबर ग्रीन’ नावाचा रंग वापरतात. धागे जुळलेले असले, की त्यांना चिकटून तो हिरवा चमकतो. धागे सुटले, की चमक जाते. यंत्रात नमुना हळूहळू सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा आणि उजेड मोजत राहायचं. संगणक त्याचा आलेख काढतो. तो दिसतो थेट बागेतल्या घसरगुंडीसारखा! ही घसरगुंडी सगळ्यात उभी कुठे आहे, ते सॉफ्टवेअर शोधतं आणि दुसऱ्या आलेखात तिथे टेकडी काढून दाखवतं. तेच त्या तुकड्याचं वितळण्याचं तापमान. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले कार्ल विटवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ही पद्धत मांडली.

याचा उपयोग काय, असं विचाराल. ऐका तर. रक्त गोठायला मदत करणारं ‘फॅक्टर पाच’ नावाचं प्रथिन आपल्या शरीरात असतं. काही माणसांत त्याच्या जनुकात एका जागी ‘जी’ऐवजी ‘ए’ असतो. फक्त एक अक्षर! पण त्यामुळे पायाच्या शिरेत नको तेव्हा रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. हा बदल १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरातल्या संशोधकांनी जगापुढे आणला.

तो ओळखण्यासाठी विटवर यांच्या गटाने १९९७ मध्येच चमकणारा रंग जोडलेले डीएनएचे छोटे तुकडे वापरले. असा ‘शोधक’ तुकडा अक्षर न् अक्षर जुळलं तर घट्ट धरून बसतो. एक जरी अक्षर चुकलं, तरी तो कमी तापमानालाच सुटतो. जनुकाची एक प्रत आईकडून मिळते, दुसरी बाबांकडून. त्यांतली एकच बदललेली असेल, तर आलेखात चक्क दोन टेकड्या उगवतात!

एक मात्र विसरू नका. हे यंत्र अक्षरं वाचत नाही. दोन वेगळे तुकडे एकाच तापमानाला वितळू शकतात. म्हणून आधीच ओळखीचा असलेला नमुना शेजारी ठेवून तुलना करावीच लागते.

आता तुमची पाळी. दहा-दहा जोड्यांचे दोन तुकडे आहेत. पहिल्यात आठ ए-टी आणि दोन जी-सी. दुसऱ्यात दोन ए-टी आणि आठ जी-सी. आधी कोणता वितळेल? बंध मोजा आणि आई-बाबांनाही कोड्यात टाका!