आकाशाचा लिलाव आणि व्यत्ययाचा बागुलबुवा

२०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने दूरसंचाराच्या लहरपट्ट्यांचा मोठा लिलाव केला. देशातील सर्व मंडळांची बेरीज धरून ७२,०९८ मेगाहर्ट्झ विक्रीस काढले होते. त्यांपैकी ५१,२३६ मेगाहर्ट्झ विकले गेले. दीड लाख कोटी रुपयांच्या बोलीचे सर्वत्र कौतुक झाले. उरलेल्या जवळजवळ एकवीस हजार मेगाहर्ट्झची वास्तपुस्त मात्र फारशी कोणी केली नाही. ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला तर एकही बोली आली नाही. ही लहर दूरवर जाते, झाडाझुडपांतून आणि भिंतींतून पार होते, म्हणजे विखुरलेल्या पाड्यांना सर्वांत उपयोगी. ती विकली गेली नाही, आणि विकली गेली नाही म्हणून कोणाला वापरताही आली नाही. धान्य खपले नाही म्हणून कोठाराला कुलूप ठोकून ठेवणारा सावकार निदान ते धान्य पुढे विकण्याची आशा बाळगून असतो. लहर अशी साठवता येत नाही. कालची न वापरलेली लहर आज शिल्लक नसते.

या कुलपाचे समर्थन करताना एकच शब्द उच्चारला जातो : व्यत्यय. दोघे एकाच कंप्रतेवर बोलू लागले की दोघांचेही बोलणे बुडते, म्हणून प्रत्येक पट्ट्याला एक धनी हवा, असा हा युक्तिवाद आहे. तो जुना आहे. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर हौशी बिनतारीवाल्यांच्या कलकलाटाकडे बोट दाखवले गेले आणि अमेरिकेने त्याच वर्षी परवान्याचा कायदा केला. १९५९ साली अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले : परवाने वाटण्यापेक्षा लहरींवरील हक्कच बाजारात विकावेत, व्यत्ययाचा तंटा आपोआप मिटेल. हिंदुस्थानात १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसते बाळगणेही गुन्हा ठरवले. परक्या सत्तेला त्या यंत्रातील खरखरीपेक्षा त्यातील संदेशाचे भय अधिक होते, हे सांगायला नको.

पण व्यत्यय ही चीज नेमकी कोठे घडते? रेडिओच्या लहरी आकाशात एकमेकींवर आदळून मोडत नाहीत. दोन कंदिलांचे प्रकाश एकमेकांना छेदून सुखरूप पुढे जातात, तशाच याही जातात. घोटाळा होतो तो ऐकणाऱ्या यंत्रात, हवा तो आवाज नको त्या आवाजातून निवडण्याची त्याची कुवत संपते तेथे. १९१२ सालचे यंत्र ठार बहिरे होते, म्हणून त्या काळी एका आवाजासाठी सबंध पट्टा मोकळा ठेवणे भाग पडले. आजचे यंत्र तसे राहिलेले नाही. ज्या उणिवेपायी धनी नेमले गेले ती उणीव बव्हंशी सरली, धनी मात्र कायम राहिले.

शत्रूने टॉर्पेडोच्या संदेशात अडथळा आणू नये म्हणून संदेशाने सतत कंप्रता बदलत राहावे, या कल्पनेचे एकस्व १९४२ मध्ये अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथेल यांनी घेतले. त्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८ कंप्रतांची योजना होती. त्याच जातीची युक्ती आज खिशातल्या ब्लूटूथमध्ये आहे. ते ७९ वाटांवरून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारते, आणि एखादी वाट वायफायने व्यापलेली आढळली की ती गाळून उरलेल्या वाटांवर खेळते. वायफायचा शिष्टाचार तर अनेक सभागृहांतील सभासदांनी शिकावा असा आहे. आधी ऐकायचे, कोणी बोलत असेल तर थांबायचे, थांबण्याचा अवधीही चिठ्ठी टाकल्यासारखा काढायचा, म्हणजे दोघे पुन्हा एकाच क्षणी तोंड उघडणार नाहीत. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जेथे हवामानखात्याची आणि लष्कराची रडारे आहेत, तेथे युरोप-अमेरिकेचे नियम अधिक कडक आहेत : यंत्राने सामान्यतः आधी एक मिनिट कान देऊन रडार आहे का ते पाहावे, पुढे केव्हाही रडार कानी आले तर दहा सेकंदांत तो मार्ग सोडावा आणि अर्धा तास तिकडे फिरकू नये.

कोणी म्हणेल, हे कागदावर ठीक, व्यवहारात काय? व्यवहारातही चूक झालेली आहे. २००९ च्या सुमारास पोर्तो रिकोतील सान हुआन विमानतळाच्या हवामान रडारमध्ये अशाच बिनपरवाना यंत्रांमुळे व्यत्यय आला. विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न क्षुल्लक मानता येणार नाही. परंतु तेथे उपाय कोणता केला गेला? दोषी यंत्रे शोधली, ती दुरुस्त करविली, नियम आवळले. पट्टा विकून टाकला नाही. विहिरीवर भांडण झाले तर भांडणाऱ्याला समज द्यावी, की विहीर सावकाराच्या नावावर करावी?

अमेरिका काही समाजवादी देश नव्हे. तरी तेथे ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आरमाराच्या रडारांबरोबर वाटून वापरला जातो. किनाऱ्यावर संवेदक बसवले आहेत. युद्धनौकेच्या रडारची चाहूल लागताच इतरांना दुसरीकडे हलवले जाते. मधल्या थराचे हक्क तेथेही २०२० मध्ये लिलावातच गेले, पण सर्वांत खालचा थर प्रमाणित यंत्र असलेल्या कोणालाही खुला ठेवला आहे. आरमाराची अडचण होत नाही, मग दूरध्वनी कंपन्यांचीच का व्हावी?

भारताला या बाबतीत परदेशाकडे पाहण्याचीही गरज नव्हती. पवईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी दूरदर्शनच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्याची देशभर छाननी केली आणि २०१४ मध्ये दाखवून दिले की, पंधरापैकी किमान बारा वाहिन्या जवळपास सर्वत्र रिकाम्या आहेत. एवढ्यावर न थांबता पालघरमधील खामलोली आणि आसपासच्या गावांत त्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट नेण्याचा प्रयोगही त्यांनी केला. पुढे २०२२ पर्यंत दूरदर्शनची जुनी जमिनी प्रक्षेपण केंद्रे बहुतेक बंदच झाली, म्हणजे ज्याला व्यत्यय येईल असा शेजारीही उरला नाही. तरीही प्रायोगिक परवान्यांच्या पलीकडे सामान्य वापरासाठी हा पट्टा खुला झाला नाही.

येथे लिलावाच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. २००८ साली लहरी जशा वाटल्या गेल्या, त्या पाहता उघड बोलीची मागणी न्याय्यच होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या फेब्रुवारीत १२२ परवाने रद्द केले ते योग्यच झाले. मोठ्या शक्तीच्या मनोऱ्यांना ठरावीक जागा लागते, हेही खरे. पण लुटीवरचा उतारा हाच धर्म मानण्याचे कारण नव्हते. लिलाव हा एकमेव मार्ग नाही, असे त्याच न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरात सांगितले. आणि लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे तर १९९५ मध्येच सांगून झाले होते. जनतेच्या मालकीची वस्तू जनतेने वापरायची झाल्यास आधी कंपनीने विकत घ्यावी लागते, हा न्याय कोणता?

२०२३ च्या दूरसंचार कायद्याचे सातवे कलम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. एकाला दिलेला पट्टा, त्याच्या वापरात हानिकारक व्यत्यय न आणता, दुय्यम वापरकर्त्यालाही देण्याचा आणि पुरेशा कारणाशिवाय पडून राहिलेला पट्टा काढून घेण्याचा अधिकार सरकारला त्यात आहे. म्हणजे ऐकून, टाळून, वाटून घेता येते हे सरकारने स्वतःच लिहून ठेवले आहे. हा दुय्यम वापरकर्ता कोण, एवढेच आता पाहायचे. खामलोलीची ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेची शाळा, मच्छीमारांची सहकारी संस्था अर्ज घेऊन उभी राहिली, तर खिडकी उघडणार आहे की पुन्हा व्यत्ययाचे कारण सांगून बंद होणार आहे?