खेळ संपतो का, ते आधी विचारा

‘डॉक्टर, मुलगा दिवसभर गेम खेळतो. किती तास खेळू द्यावा?’ हा प्रश्न हल्ली दवाखान्यात सर्दी-खोकल्याइतका नेहमीचा झाला आहे. विचारणाऱ्या आईवडिलांना एक आकडा हवा असतो. गोळी सकाळ-संध्याकाळ एक, तसा गेम रोज अमुक मिनिटे! लहान मुलांच्या बाबतीत असा आकडा सांगता येतो आणि सांगावाही लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेला सल्ला स्पष्ट आहे. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाला पडद्यासमोर बसवूच नये; दोन ते चार वर्षे वयात दिवसाला एक तासाहून अधिक नको, आणि त्याहून कमी झाला तर उत्तमच.

परंतु मूल मोठे झाले, कॉलेजात जाऊ लागले, की नुसता तासांचा हिशेब पुरत नाही. मग मीच उलट विचारतो, ‘तो जो गेम खेळतो, तो कधी संपतो का?’ बहुतेक पालक गोंधळून बघतात. गेम संपतो की नाही, याचा विचार आपण केलेलाच नसतो. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, म्हणून आज त्याविषयी.

न संपणारे खेळ

मोबाइलवरचे अनेक लोकप्रिय गेम मुळात संपण्यासाठी बनवलेलेच नसतात. एक फेरी झाली की दुसरी तयार. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर तोटा. बक्षिसाच्या पेटीत काय निघेल ते आधी कळत नाही. कधी रिकामी, कधी घबाड. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. दाणा नेमाने मिळत असेल आणि मग बंद झाला, तर कबूतर लवकरच चोच मारायचे सोडून देते. दाणा कधी मिळेल याचा भरवसाच नसेल, तर मात्र ते चोच मारतच राहते. जत्रेतल्या जुगाराच्या चक्रीपासून हातातल्या मोबाइलपर्यंत हे सूत्र तेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत गेमच्या आहारी जाणे हा आजार म्हणून नोंदला गेला आहे. त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. खेळण्यावर आपला ताबा न राहणे, इतर आवडी आणि रोजची कामे मागे टाकून गेमच पुढे येणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे. हे सारे साधारणपणे वर्षभर चाललेले आणि अभ्यास, काम, घर यांची घडी विस्कटण्याइतके तीव्र असावे लागते. तेव्हा सुटीत चार दिवस जास्त खेळलेल्या मुलाला लगेच ‘व्यसनी’ ठरवू नये.

आणि सर्वच गेमना एका मापाने मोजणेही बरोबर नाही. आपण पुस्तकांना तसे मोजत नाही. रहस्यकथा, कादंबरी आणि लॉटरीचे निकालपत्र ही तिन्ही छापीलच असतात!

संथ खेळांची जात

गेमच्या दुनियेत एक वेगळी जात आहे. तिच्यात गोळीबार नाही, गुण नाहीत, घड्याळाची टिकटिक नाही. खेळणाऱ्याने एखाद्या ठिकाणी हिंडायचे, वस्तू उचलून पाहायच्या, पत्रे वाचायची, कुणाचे तरी बोलणे ऐकायचे. आणि त्यातून एक गोष्ट हळूहळू उलगडते. १९९३ मध्ये रँड आणि रॉबिन मिलर या अमेरिकन भावांनी काढलेला ‘मिस्ट’ हा या जातीचा एक पूर्वज. ओसाड बेट, काही कोडी आणि शांतता एवढाच त्याचा ऐवज होता, तरी त्याच्या साठ लाखांवर प्रती खपल्या. पुढे २०१२ मध्ये ‘डिअर एस्थर’ विक्रीला आला. त्यात स्कॉटलंडजवळच्या हेब्रिडीज भागातील एका निर्जन बेटावर नुसते चालायचे आणि एका शोकाकुल माणसाच्या पत्रांतले तुकडे ऐकायचे. धावण्याचीही सोय नाही. चपळ खेळांची सवय असलेल्या मंडळींनी अशा गेमना ‘वॉकिंग सिम्युलेटर’, म्हणजे चालण्याचे यंत्र, असे चिडवायला सुरुवात केली. चेष्टेत पडलेले नाव पुढे तसेच रूढ झाले.

यात लोकांना गोडी कसली वाटते? २०१३ मधला ‘गॉन होम’ घ्या. काळ जून १९९५. थोरली मुलगी वर्षभर युरोपात फिरून रात्री परत येते. ती नसताना घरच्यांनी बिऱ्हाड नव्या घरी हलवलेले असते, त्यामुळे हे घर तिलाही अनोळखी. बाहेर वादळ आणि पाऊस, आत कुणीच नाही, दारावर धाकट्या बहिणीची चिठ्ठी. आपण एकेका खोलीत जायचे, दिवा लावायचा, खण उघडायचे. वाटते, आता भूत निघणार. भूत निघत नाही. निघतात ती माणसे. वडिलांची न चाललेली पुस्तके, आईवडिलांच्या संसारातला ताण, आणि धाकटीचे एका मैत्रिणीवर जडलेले प्रेम, जे आईवडिलांना मान्य नाही. दोन-तीन तासांत गोष्ट संपते.

गावाकडचे बंद घर उघडायला गेलेल्या वाचकांना ही गोडी वेगळी समजावून सांगायला नको. कोनाड्यातली दौत, ट्रंकेतली पत्रे, भिंतीवर पेन्सिलीने टिपलेली मुलांची उंची. घाई केली तर तिथे नुसती धूळ दिसते. थांबलो तर माणसे भेटतात. या गेमचे आकर्षण तेच आहे. वेग आपल्या हाती असतो आणि लक्ष एकाच गोष्टीवर राहते. दिवसभर फोनच्या घंट्यांनी तुकडे झालेल्या लक्षाला एका जागी बसायला मिळाले, की बरे वाटते. यात मला नवल वाटत नाही.

वणव्याचा पहारेकरी

डॉक्टर म्हणून मला अधिक जवळचा वाटला तो २०१६ चा ‘फायरवॉच’. हेन्री नावाचा मध्यमवयीन माणूस १९८९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील वायोमिंगच्या जंगलात नोकरी धरतो. उंच मनोऱ्यावर राहून कुठे वणवा लागला का, यावर नजर ठेवायची. सोबतीला वॉकीटॉकीवरचा एका बाईचा आवाज, एवढेच. तो तिथे का आला, हे गेम सुरुवातीलाच सांगतो. त्याच्या प्राध्यापक बायकोला तुलनेने तरुण वयातच स्मृतिभ्रंश झालेला असतो. ती त्याला विसरू लागते. काही काळ तो करतो, मग तिचे आईवडील तिला आपल्याकडे नेतात, आणि हेन्री जंगलात निघून येतो. साधारण चार-पाच तासांच्या या गोष्टीत रहस्य आहे, निसर्ग आहे. पण तळाशी आहे तो आजारी माणसापासून पळालेला माणूस. गेम त्याला नीच ठरवत नाही, आणि शाबासकीही देत नाही.

हा गेम मला कळला तो एका रुग्णाच्या घरामुळे. आजींना स्मृतिभ्रंश. त्यांचा मुलगा दुकानातून रात्री दहाच्या आत घरी येत नसे. आंघोळ, जेवण, रात्रीची जागरणे, सगळे सुनेच्या अंगावर. ती थकून, चिडून बोलायची, ‘यांना आईचे काहीच नाही.’ एकदा कॉलेजात जाणारा नातू औषधे न्यायला आला. त्याने लॅपटॉपवर ‘फायरवॉच’ पुरा केला होता. तो म्हणाला, ‘डॉक्टरकाका, बाबा वाईट नाहीत हो. आजी त्यांना ओळखत नाही, ते त्यांना बघवत नाही.’

त्याने बरोबर हेरले होते. स्मृतिभ्रंशाच्या घरात एक जण राबतो आणि दुसरा दूर पळतो, हे मी अनेकदा पाहतो. पळणारा पुष्कळदा निष्ठुर नसतो. आईने ‘तुम्ही कोण?’ असे विचारणे त्याला सोसत नाही. मी त्या गृहस्थांना बोलावून घेतले. विस्मरण हा मेंदूचा आजार आहे, आईची माया आटलेली नाही. नाव विसरली तरी हाताचा स्पर्श आणि ओळखीचा आवाज तिला धीर देऊ शकतो, हे समजावून सांगितले. रविवारी आईचे सारे त्यांनी करायचे आणि बायकोने झोप पुरी करायची, असे ठरले. सहा महिने होत आले, बरेचसे रविवार पाळले गेले आहेत. आजींचा आजार हटलेला नाही, हटणारही नाही. घरातली कुरबुर मात्र निवळली आहे. हे गेममुळे झाले, असा माझा दावा नाही. ते बोलण्यामुळे झाले. पण बोलायला तोंड फुटले ते एका गोष्टीमुळे, हेही खरे.

दुसरे उदाहरण २०१७ च्या ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’चे. एका घराण्यातल्या माणसांचे एकामागून एक झालेले मृत्यू, असा त्याचा विषय. ब्रिटिश अकादमीने २०१८ मध्ये त्याला सर्वोत्तम गेमचा पुरस्कार दिला. त्यात लुईस नावाचा तरुण नशेतून बाहेर पडून मासळीच्या कारखान्यात कामाला लागलेला आहे. खेळणाऱ्याने एका हाताने माशांची मुंडकी कापत राहायचे आणि दुसऱ्या हाताने लुईसच्या मनातल्या काल्पनिक राज्यात त्याला हिंडवायचे. काल्पनिक राज्य वाढत वाढत सगळा पडदा व्यापते. हात मात्र मासे कापतच असतो. ही हकीगत सांगणारे पत्र आहे त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाचे, आणि ते लिहिले गेले आहे लुईसने जीव दिल्यानंतर. नशा सुटली, नोकरी लागली, म्हणजे माणूस सावरला, असे घरचे समजतात; आत काय चालले आहे ते दिसत नाही. व्याख्यानातून हे पटवायला मला तास लागतो. ती गोष्ट काही मिनिटांत पटवते.

हे औषध नव्हे

आता दुसरी बाजू. असे गेम औषध नव्हेत. हेन्री जंगलात मैलोगणती चालतो, आपण मात्र खुर्चीतच असतो. त्याच्या चालण्याने आपली रक्तातील साखर उतरणार नाही! गुडघे, पाठ, वजन यांसाठी खरेच चालावे लागते.

अशा गेममध्ये काहींना गरगरते, मळमळते. डोळे मेंदूला सांगतात की आपण चालतो आहोत, आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की बसलो आहोत. दोघांच्या विसंगत निरोपाने हा त्रास होतो. खेळ ताबडतोब थांबवावा. पुन्हा खेळताना पडद्यापासून दूर बसावे, खोलीत उजेड ठेवावा. तरीही त्रास झाला तर हट्ट धरू नये. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद तरी वीस फुटांपलीकडे पाहावे. फिट्स येणाऱ्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही व्हिडिओ गेम खेळू नये.

आणखी एक. हे विषय हलके नाहीत. मृत्यू, आत्महत्या, विस्मरण यांवरचे गेम लहान मुलांसाठी नव्हेत. ज्यांच्या घरी नुकतेच दुःख झाले आहे, किंवा ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्यांनी एकट्याने हे खेळू नयेत. अशांनी आधी घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोलावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

पालकांसाठी चार प्रश्न

मोबाइल हिसकावून भिंतीवर आपटण्यापूर्वी एवढे विचारून पाहा.

१. हा गेम संपतो का? संपत असेल तर मुलासोबत संपवण्याचा दिवस ठरवा.

२. मध्येच थांबवले तर काही बुडते का? जो खेळ जेवायला उठू देत नाही, त्यावर बारीक नजर ठेवावी.

३. खेळताना पुन्हा पुन्हा पैसे मागतो का? एकदा विकत घेतला आणि झाले, हा व्यवहार बरा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे, हेही ध्यानात असू द्या.

४. खेळून झाल्यावर मुलाला त्याविषयी काही सांगावेसे वाटते का?

हा चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चांगली गोष्ट संपल्यावर माणूस ती कुणाला तरी सांगू पाहतो. हे गेम इंग्रजीत आहेत, त्यामुळे अनेक घरांत मुलालाच अर्थ सांगावा लागेल. सांगू द्या. एखाद्या संध्याकाळी शेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा, ‘हा माणूस जंगलात कशाला आला रे?’ मुलगा गोष्ट सांगायला लागला, की मध्ये बोलू नका. पुढे तो स्वतःविषयीही काही सांगण्याचा संभव आहे. मात्र रात्री झोपण्यापूर्वी तासभर तरी पडदा बंद हवा. गोष्ट उद्यापर्यंत थांबते. झोप थांबत नाही.