संगणकाचा वेग कोणाच्या हाती?

संगणक खरेदी करणारा मनुष्य दुकानात प्रथम एक आकडा विचारतो: प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा? विक्रेताही तो आकडा मोटारीच्या अश्वशक्तीसारखा ठसक्यात सांगतो. प्रोसेसर म्हणजे संगणकातील आकडेमोड करणारी मुख्य चिप, आणि गिगाहर्ट्झ म्हणजे त्या चिपच्या घड्याळाचे एका सेकंदात पडणारे एक अब्ज ठोके. या ठोक्यांच्या गतीला शास्त्रीय भाषेत कंप्रता असे नाव आहे. प्रत्येक ठोक्यासरशी चिपचे काम एक पाऊल पुढे सरकते. तेव्हा ठोके जितके जलद तितका संगणक जलद, असा सरळ हिशेब मांडला जातो. हा हिशेब चुकीचा नाही, पण फार अपुरा आहे. खोक्यावर छापलेल्या कंप्रतेवर आजचा प्रोसेसर सदासर्वकाळ चालत नसतो. तो एका सेकंदात अनेकदा आपली कंप्रता कमी-अधिक करतो, आणि ती केव्हा व किती बदलावी हे एक लहानशी आज्ञावली ठरवीत असते. या आज्ञावलीमागे कोणीतरी योजिलेले धोरण असते. हे धोरण न सांगता संगणकाच्या वेगाचा आकडा सांगणे, हवेचा दाब न सांगता पाण्याचा उत्कलनबिंदू सांगण्याइतकेच अशास्त्रीय होय.

मुळात वेग बदलण्याची गरज का पडावी? याचे उत्तर विजेच्या खर्चात आहे. चिपमधील मंडले चालू-बंद होताना जी शक्ती खर्ची पडते, ती कंप्रतेच्या प्रमाणात वाढते. परंतु विजेच्या दाबाच्या बाबतीत ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कंप्रता वाढवावयाची तर बहुधा दाबही वाढवावा लागतो, आणि म्हणून थोड्याशा जादा वेगासाठी पुष्कळ जादा वीज मोजावी लागते. उलट बाजूने पाहिले तर थोडा वेग सोडून पुष्कळ वीज वाचवता येते. इंटेल कंपनीने जानेवारी २००० मध्ये लॅपटॉपसाठी ‘स्पीडस्टेप’ नावाची योजना बाजारात आणली. तिच्यातील एक प्रोसेसर भिंतीच्या विजेवर ६५० मेगाहर्ट्झने व १.६ व्होल्ट दाबाने चाले, आणि बॅटरीवर येताच ५०० मेगाहर्ट्झवर व १.३५ व्होल्टवर उतरे. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहण्यासारखे आहे. कंप्रतेचे गुणोत्तर ०.७७ आणि दाबाच्या गुणोत्तराचा वर्ग ०.७१, दोहोंचा गुणाकार सुमारे ०.५५. म्हणजे वेग २३ टक्क्यांनी घटला, पण शक्तीचा खर्च सुमारे ४५ टक्क्यांनी उतरला. काम उशिरा संपते हे धरूनही, एका ठरावीक कामासाठी लागणारी एकूण ऊर्जा सुमारे २९ टक्क्यांनी कमी होते.

बॅटरीची काळजी नसलेल्या मोठ्या संगणकांनाही लवकरच हाच मार्ग धरावा लागला. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये असे दाखविले होते की, ट्रान्झिस्टर लहान करीत गेल्यास त्याच प्रमाणात दाबही उतरवता येतो, आणि म्हणून चिपच्या क्षेत्रफळामागे निर्माण होणारी उष्णता वाढत नाही. या नियमाच्या आधारावर तीन दशके कंप्रता चढत गेली. पुढे ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली आणि दाब आणखी उतरविणे अशक्य झाले. इंटेलचा पेंटियम ४ हा प्रोसेसर २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. ४ गिगाहर्ट्झचा जाहीर केलेला नमुना कंपनीने त्याच वर्षी रद्द केला. तेव्हापासून उष्णता हीच वेगाची खरी सीमा झाली आहे, आणि उष्णतेचे अंदाजपत्रक सांभाळणे हे वेग ठरविणाऱ्याचे मुख्य काम झाले आहे.

हे काम कसे चालते ते लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीत उत्तम प्रकारे पाहावयास मिळते, कारण तिच्या मध्यवर्ती भागाची, म्हणजे कर्नेलची, संहिता कोणालाही वाचता येते. हा विषय भारतीय विद्यार्थ्याला दूरचा वाटण्याचे कारण नाही. खिशातील अँड्रॉइड फोनचा पाया लिनक्सचे कर्नेल हाच आहे. केरळमधील सरकारी शाळांचे संगणक आणि सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही कार्यप्रणाली यांचाही तोच आहे. डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या २.६ या आवृत्तीपासून वेगनियंत्रणाची रचना दोन भागांत विभागलेली आहे. ‘गव्हर्नर’ नावाचा भाग किती वेग हवा हे ठरवितो, आणि ‘ड्रायव्हर’ नावाचा भाग तो निर्णय त्या-त्या चिपला समजेल अशा रीतीने पोहोचवितो. मराठीत पहिल्याला नियामक म्हणावे आणि दुसऱ्याला सारथी. ‘चालक’ हा रूढ शब्द येथे थोडा फिका पडतो, कारण लगाम हाती असलेल्या या सारथ्याचे कसब घोड्यागणिक वेगळे असावे लागते.

नियामक हे नाव वाफेच्या इंजिनावरून आलेले आहे. जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये इंजिनावर दोन फिरते गोळे बसविले. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेचा मार्ग आवळला जाई. भार कमी होवो की जास्त, इंजिनाचा वेग स्थिर राहावा हा वॉट यांचा हेतू. संगणकातील नियामकाचा हेतू नेमका उलट आहे: भार बदलला की त्याने वेग बदलावयाचा. नाव तेच राहिले आणि धर्म उलटा झाला!

२००४ मध्ये आलेला ‘ऑनडिमांड’ हा नियामक काही काळ सर्वांत लोकप्रिय होता. तो दर काही मिलिसेकंदांनी जागा होऊन प्रोसेसर मागील अवधीत किती वेळ कामात होता हे मोजी. ठरावीक मर्यादेपलीकडे काम आढळले की वेग एकदम कमाल करी, आणि काम ओसरले की वेग उतरवी. योजना साधी व समंजस होती. परंतु जो मागे वळून मोजतो त्याला पुढचे दिसत नाही. बोटाच्या एका स्पर्शाने सुरू होणारे काम पुष्कळदा पाच-दहा मिलिसेकंदांचेच असते. नियामक जागा होऊन वेग वाढवीपर्यंत ते मंद गतीनेच संपून गेलेले असते, आणि वेग वाढतो तो रिकाम्या चिपचा.

याहून विलक्षण प्रकार दोन आज्ञावली एकमेकींना काम देत-घेत असतील तेव्हा घडतो. बांधकामावर एक मजूर घमेले भरून देतो आणि दुसरा ते ओतून परत करीपर्यंत पहिला थांबतो, अशी कल्पना करावी. काम अखंड चालू आहे. तथापि प्रत्येक मजूर अर्धा वेळ बसलेला दिसतो. लांबून पाहणारा मुकादम म्हणेल, दोघांनाही निम्मेच काम आहे, सावकाश चालू द्या. आधुनिक प्रोसेसरात अनेक गाभे असतात. या दोन आज्ञावली दोन वेगळ्या गाभ्यांवर चालू असल्या तर नियामकाला प्रत्येक गाभ्यावर ५० टक्के भार दिसतो, तो मध्यम वेग ठरवितो, आणि सबंध काम रेंगाळते. डिस्कवरून माहिती येण्याची वाट पाहणाऱ्या आज्ञावलीचीही हीच गत होते. पुढे लिनक्सच्या कर्त्यांनी डिस्कची वाट पाहून उठणाऱ्या कामाला वेगाचा क्षणिक धक्का देण्याची सोय मुद्दाम केली. २०१६ मध्ये रफाएल वायसोकी यांनी आणलेला ‘शेड्यूटिल’ हा नियामक तर स्वतः मोजणी करीतच नाही; कोणते काम कोणत्या गाभ्यावर पाठवावे हे ठरविणाऱ्या शेड्यूलरकडेच तो चौकशी करतो. शेड्यूलरच्या हिशेबात ३२ मिलिसेकंदांपूर्वीच्या भाराला निम्मे वजन मिळते. म्हणजे आठवण येथेही आहेच, पण ती काम वाटणाऱ्याची आहे.

आता या सर्व कटकटीवर एक रामबाण उपाय वारंवार सुचविला जातो: ‘परफॉर्मन्स’ हा नियामक निवडावा, म्हणजे प्रोसेसर कायम कमाल वेगावर राहील. प्रयोगशाळेत मोजमाप करताना हा उपाय योग्य आहे, कारण तेथे वेग स्थिर ठेवणे हाच हेतू असतो. सर्वांसाठी सदैव म्हणून मात्र तो सल्ला स्वीकारण्याजोगा नाही. अगदी रिकामा असलेला गाभा झोपेच्या अवस्थेत जातो व त्याचे ठोकेच थांबतात, हे खरे. त्यामुळे रिकाम्या यंत्रावर या निवडीने फारशी हानी होत नाही. हानी होते ती मधल्या भारावर, म्हणजे चित्रफीत पाहणे, लिहिणे, वाचणे अशा कामांत. तेथे कमाल वेगाचा वाचकाला काहीच उपयोग नसतो आणि वरच्या दाबाची किंमत मात्र भरावी लागते. शिवाय सर्व गाभ्यांना उष्णतेचे अंदाजपत्रक सामाईक असते. किरकोळ कामांवर ते उधळल्यास ज्या एका गाभ्याला खरोखरच धावावयाचे आहे त्याच्या वाट्याला कमी उरते. पंखा नसलेल्या पातळ लॅपटॉपमध्ये हे लवकर जाणवते.

सर्वांत आक्षेपार्ह गोष्ट आहे ती नावांची. लिनक्सच्या जुन्या रचनेत ‘पॉवरसेव्ह’ या नियामकाचा अर्थ अगदी स्पष्ट होता: वेग नेहमी किमान ठेवावा. २०१३ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरांसाठी ‘इंटेल पीस्टेट’ हा नवा ड्रायव्हर आला. त्यात सारथ्यानेच नियामकाचे काम पत्करले, आणि आपल्या दोन धोरणांना त्याने ‘परफॉर्मन्स’ व ‘पॉवरसेव्ह’ हीच जुनी नावे दिली. या नव्या ‘पॉवरसेव्ह’मध्ये वेग भाराप्रमाणे वर चढतो, गरज पडल्यास कमाल पातळीपर्यंत. एकच शब्द, एकाच ठिकाणी लिहिलेला, आणि एका यंत्रावर त्याचा अर्थ ‘कधीही धावू नको’ तर दुसऱ्यावर ‘जरुरीप्रमाणे धाव’. जुना अर्थ ठाऊक असलेला मनुष्य आपले यंत्र जखडले गेले आहे असे समजून नाहक घाबरतो. नवा अर्थ ठाऊक असलेला जुन्या यंत्रावर खरोखरच जखडून बसतो व दोष चिपला देतो. शास्त्रात एका संज्ञेला एकच अर्थ असावा हा नियम पारिभाषिक कोश रचणाऱ्यांइतकाच आज्ञावली रचणाऱ्यांनाही लागू आहे.

ड्रायव्हर बदलल्याने तीच चिप वेगळी वागते, याचेही उदाहरण देता येईल. एएमडी कंपनीच्या झेन जातीच्या प्रोसेसरांना जुना सर्वसामान्य ड्रायव्हर फक्त तीन वेगपायऱ्यांनी ओळखत असे. २०२२ मध्ये लिनक्सच्या ५.१७ या आवृत्तीत ‘एएमडी पीस्टेट’ हा ड्रायव्हर आला, आणि ज्या चिपांत तशी सोय आहे त्यांना तीन पायऱ्यांच्या जागी जवळजवळ सलग उतार मिळाला. एकाच प्रोसेसरची दोन वर्षांतली दोन परीक्षणे शेजारी ठेवून वाचणाऱ्याला हे कोणी सांगितले नसेल, तर त्याच्या अनुमानाला काय किंमत उरते? वेगाची तुलना छापणाऱ्या नियतकालिकांनी ड्रायव्हर, नियामक, सभोवतालचे तापमान आणि यंत्र बॅटरीवर होते की भिंतीच्या विजेवर, एवढ्या चार गोष्टी लिहिल्याच पाहिजेत. त्यांना फार तर दोन ओळी लागतील.

शाळांच्या दृष्टीने हा प्रश्न पैशाचाही आहे. संगणक मंद झाला की तो जुना झाला, असे गृहीत धरून तो कोपऱ्यात ढकलला जातो. तो खरोखरच जुना असेल. पण आधी विचारावयास हवे की त्याला मंद चालण्याची आज्ञा तर झालेली नाही ना. काही लॅपटॉप मूळ चार्जर ओळखता आला नाही तर प्रोसेसरला तळाच्या वेगावर बांधून ठेवतात, आणि चार्जर बदलला तेव्हापासून यंत्र बिघडले, एवढेच लोकांच्या लक्षात राहते. पंख्यात धूळ साचली की उष्णता वाढते व चिप स्वतःच्या रक्षणासाठी वेग उतरविते. विंडोजमध्ये ही निवड ‘पॉवर प्लॅन’मध्ये असते. लिनक्समध्ये कोणता ड्रायव्हर व कोणता नियामक कामावर आहे, किमान व कमाल मर्यादा काय, हे सारे साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले असते आणि कोणताही विद्यार्थी ते उघडून वाचू शकतो. संगणकशाळेतील एका तासिकेत दोन नियामकांखाली एकच गणित सोडवून वेळ टिपणे हा प्रयोग लंबकाच्या प्रयोगाइतकाच सोपा आहे.

हा उघडेपणा मात्र पुढे कितपत टिकेल, हे पाहावे लागेल. २०१५ मधील ‘स्कायलेक’ प्रोसेसरांपासून इंटेलने वेगाचा निर्णय चिपच्याच हाती देण्याची सोय केली. आपल्या तापमानाची व प्रवाहाची बातमी चिपला कार्यप्रणालीच्या आधी लागते, आणि ती अधिक त्वरेने वेग बदलू शकते. या दृष्टीने हा बदल इष्टच आहे. कार्यप्रणालीच्या हाती आता मर्यादा आखणे आणि ० ते २५५ यांमधील एक संख्या सुचविणे एवढेच उरले आहे. ० म्हणजे वेगाला सर्वस्वी प्राधान्य, २५५ म्हणजे बचतीला. ‘ऑनडिमांड’ची संहिता वाचून त्याचा दोष कोणालाही दाखवून देता येत असे, आणि तो दाखविला गेला म्हणूनच पुढचे नियामक सुधारले. चिपमध्ये ही संख्या वाचून निर्णय करणारी संहिता कंपनीच्या कुलपात आहे. १२८ ही संख्या सुचविली असता चिप नेमके काय करते, हे बाहेरच्या अभ्यासकाला तूर्त घड्याळ आणि वीजमापक घेऊन बाहेरूनच मोजावे लागते.