जांबोटीच्या लेकींस कोण सांगणार?

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्यापायी त्यांना प्राध्यापकीस मुकावे लागले. शतक उलटले, तरी त्या विषयाची आमची लाज गेलेली नाही. जांबोटीच्या रानवाडीतील सतरा वर्षांची पोर गरोदर राहिली, तर घर तिला प्रथम लपविते. २०१२ च्या कायद्याने डॉक्टरास पोलिसांत कळविणे भाग आहे, हे भय त्यामागे असते. परंतु गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव, तिची व पालकांची विनंती असल्यास, पोलिसांस न सांगण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ सालीच दिली आहे. हे किती घरांस ठाऊक आहे?

आणि जी बाळंत होते, तिचे काय? तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत बसविता येते, हवी तेव्हा काढताही येते. दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी दवाखान्यांतून विनामूल्य देतात. ‘वय कोवळे, तिला कशाला सांगावे?’ म्हणणाऱ्यांस आम्ही विचारतो, आई होण्यास ते वय चालते काय? ही गोष्ट कळा सुरू झाल्यावर सासूच्या कानी घालून भागणार नाही. सातव्या महिन्यातच, खुद्द त्या मुलीस, तिला उमगेल अशा मराठीत ती सांगितली गेली पाहिजे.