वर्गणी

आमच्या छत्रपती संभाजीनगरात टी. व्ही. सेंटर नावाचा चौक आहे. पण खरे टी. व्ही. सेंटर पाहायचे असेल, तर आमच्या बैठकीच्या खोलीत यावे! तीन ॲप्स, तिन्हींची दरमहा वर्गणी. पैसे कापण्याआधी चोवीस तास बँकेचा निरोप येतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेची तशी सक्तीच आहे. पण तो वाचतो कोण? परवा मी सारे निरोप वाचून काढले. मुलांच्या कार्टूनपायी पैसा जातो, ही माझी नेहमीची तक्रार. निघाले भलतेच. जुन्या चित्रपटांसाठी घेतलेले ॲप मीच आठ महिन्यांत उघडले नव्हते!

मग वाचनालयाचा शिरस्ता घरात आणला. पहिले परत केल्यावर दुसरे. महिन्याला एकच ॲप. शिवाय तेरा वर्षांवरील मुलांच्या चित्रपटांना कुलूप. २०२१ च्या सरकारी नियमांप्रमाणे ती सोय ॲपवाल्यांना द्यावीच लागते. कुलपाचा आकडा म्हणून मी धाकटीचे जन्मसाल टाकले. (प्राध्यापकाची बुद्धी!)

चार दिवसांनी ती हळूच म्हणाली, “बाबा, तो आकडा बदला ना. मला कुलूप उघडता येतं. उघडते, आणि मग रात्री भीती वाटते.”

त्याच रात्री आकडा बदलला. तो आता फक्त आमच्या सौभाग्यवतींना ठाऊक आहे.